कोण जिंकलं? थांबा, १०३ दिवसांनी कळवतो

मागच्या वीकेंडला ऑफिसच्या ग्रुपवर परत तीच चर्चा झाली. कोणीतरी आय-लीगची एक क्लिप टाकली (खड्डेवालं मैदान, रिकामे स्टँड्स, गोलकीपरच्या हातून सुटलेला बॉल), खाली पंधरा हसणारे चेहरे आणि मग नेहमीचं वाक्य : "म्हणूनच आपण प्रीमियर लीग बघतो." आपण म्हणजे हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये लिव्हरपूलची जर्सी घालून बसलेले आपण. मी काही लिहिलं नाही, कारण ग्रुपवर चार ओळींच्या वर कोणी वाचत नाही. म्हणून इथे लिहितोय. मोठं होणार आहे, चहा घेऊन बसा.

आधीच सांगतो, माझा राग त्या खड्ड्यांवर नाहीये. खड्ड्यातलं फुटबॉल मी लहानपणापासून बघत आलोय आणि ते मला आवडतं. माझा राग एका साध्या गोष्टीवर आहे. स्पर्धा संपली त्या संध्याकाळी कोण जिंकलं ते सांगता आलं पाहिजे. बास. एवढं जमत नसेल तर तिला लीग म्हणू नये, दुसरं काहीतरी नाव शोधावं.

तर तारीख ६ एप्रिल २०२५, रविवार, रामनवमी. मी मामाकडे गेलो होतो. मामाचं घर इटियाडोहच्या जवळ, गोठणगावच्या बाजूला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : गोंदिया जिल्हा, अर्जुनी मोरगाव तालुका, गाढवी नदीवरचं धरण. (हो, नदीचं नाव गाढवीच आहे. हसून झालं असेल तर पुढे जाऊ.) घरात नेटवर्क येत नाही, धरणाच्या पाळीवर येतं. म्हणून मी दुपारी फोन आणि पॉवर बँक घेऊन पाळीवर जाऊन बसलो होतो. समोर पाणी, मागे जंगल आणि हातात आय-लीगचा शेवटचा दिवस.

आय-लीग म्हणजे आपल्याकडची तेव्हाची दुसऱ्या दर्जाची लीग. पहिली आयएसएल. २०२४-२५ च्या मोसमात आय-लीगमध्ये १२ क्लब होते, प्रत्येकाचे २२ सामने. आणि त्या शेवटच्या दिवशी जे नाटक झालं ते तुमच्या प्रीमियर लीगवाल्यांना दहा वर्षांत एकदा मिळतं. गोव्याचा चर्चिल ब्रदर्स श्रीनगरला रियल काश्मीरशी खेळत होता. इंटर काशीचा सामना राजस्थान युनायटेडशी. तिकडे गोकुलम केरळ विरुद्ध डेम्पो. गोकुलम जिंकला असता तर त्यांनाही संधी होती, पण डेम्पोने त्यांना ४-३ ने हरवलं. चर्चिलची १-१ बरोबरी. काशीने शेवटच्या मिनिटांत गोल करून ३-१ ने सामना काढला. तीन सामने, एक फोन, दर दोन मिनिटांनी बफरिंग. मी त्या पाळीवर उभा राहून ओरडत होतो आणि खाली मासे धरणारे दोघं माझ्याकडे वेड्यासारखे बघत होते.

हिशोब झाला : चर्चिल ४०, काशी ३९.

घरी आलो. मामाने विचारलं, "कोन जितला गा, बाबू?"

आणि मला उत्तर देता येईना! कारण पॉइंट्स टेबलवर चर्चिल वर होता, पण एक प्रकरण अपिलात होतं. आता हे प्रकरण नीट ऐका, कारण सगळा मुद्दा इथेच आहे.

१३ जानेवारी २०२५ ला पंजाबच्या नामधारी एफसीने इंटर काशीला २-० ने हरवलं होतं. त्या सामन्यात नामधारीने आपला एक ब्राझिलियन खेळाडू उतरवला. त्याची चार पिवळी कार्डं झालेली होती. चार पिवळी म्हणजे एक सामना बाहेर, हा नियम. काशीने तक्रार केली. फेब्रुवारीत फेडरेशनच्या शिस्त समितीने काशीला ३-० असा विजय आणि ३ गुण दिले. नामधारी अपिलात गेला, निर्णयाला स्थगिती मिळाली. आणि मग अपील समितीने निकाल कधी दिला? १८ एप्रिलला. म्हणजे लीग संपल्यावर बारा दिवसांनी. निकाल शिस्त समितीच्या उलट. दुसऱ्या दिवशी फेडरेशनने जाहीर केलं की चर्चिल विजेता.

काशी गेला स्वित्झर्लंडला, कॅस म्हणजे खेळांच्या लवादाकडे. २७ एप्रिलला कॅसने चषक देण्याला स्थगिती दिली. आणि त्याच दिवशी गोव्यात चषक दिला गेलाही! मग १७ जूनला कॅसने नामधारी प्रकरणात काशीच्या बाजूने कौल दिला. तरी संपेना, कारण दुसरं प्रकरण होतं : काशीने मारियो बार्को नावाच्या आपल्या स्पॅनिश खेळाडूची मोसमाच्या मध्यात पुन्हा नोंदणी केली होती आणि बाकीच्या क्लबांचं म्हणणं होतं की ती नियमात बसत नाही. १८ जुलैला कॅसने तेही काशीच्या बाजूने निकालात काढलं. काशी ४२, चर्चिल ४०. विजेता इंटर काशी, बढती इंटर काशीला.

६ एप्रिल ते १८ जुलै. मोजा. १०३ दिवस.

आता मी सॉफ्टवेअरवाला माणूस, मला ही गोष्ट वेगळ्या जागी खुपते. चार पिवळी कार्डं झालीत का, हे बघणं म्हणजे काय आहे हो? एक काउंटर. कार्ड मिळालं की एक वाढवा. चार झाले की पुढच्या सामन्याच्या यादीत ते नाव टाकूच देऊ नका. फर्स्ट इयरच्या पोराला सी शिकवताना दुसऱ्या आठवड्यात जी इफ कंडिशन शिकवतात, ती. इथे मशीन लर्निंग नको, क्लाउड नको, कन्सल्टंट तर मुळीच नको. आयआरसीटीसीवर एका आयडीवरून महिन्याच्या मर्यादेपेक्षा एक तिकीट जास्त काढायला जा, तिथल्या तिथे अडवतात. तिथे कोणी म्हणत नाही की आत्ता बसा गाडीत, तुमचं तिकीट वैध होतं का ते आपण जुलैमध्ये बघू.

आमच्या प्रोजेक्टमध्ये एकदा असाच बग आला होता. एक व्हॅलिडेशन राहिलं, चुकीच्या एंट्र्या आत गेल्या. चूक कोणाची? एंट्री करणाऱ्याची, हे खरंच. पण क्लायंटच्या कॉलवर आम्ही असं म्हणालो असतो का, की "युजरने नियम वाचायला हवे होते"? क्लायंटने आम्हाला कच्चं खाल्लं असतं. शनिवार-रविवार बसून आम्ही तो दरवाजा बंद केला. (त्या वीकेंडचा कॉम्प-ऑफ अजून मिळायचाय, पण तो वेगळा विषय.) नामधारीने चार कार्डांचा खेळाडू उतरवला ही नामधारीची चूक. पण तो सामना सुरू होऊ शकला ही व्यवस्थेची चूक आहे, आणि दोन्ही चुका सारख्या मापाच्या नाहीत. सामन्यापूर्वी दोन्ही संघांच्या याद्या अधिकाऱ्यांच्या हातात असतात. तिथे एका माणसाने एका कागदावरून बोट फिरवलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.

"पण शेवटी न्याय मिळाला ना?" आमचा एक मित्र म्हणाला. हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. मला काशीचा निकाल चुकीचा वाटत नाही. नियम नियम आहे, आणि कॅसने खर्चाचाही मोठा वाटा फेडरेशनवरच टाकला, त्यावरून काय ते समजा. पण न्याय मिळायला लोझानपर्यंत जावं लागलं. त्याला पैसा लागतो, वकील लागतात. काशीच्या जागी एखादा छोटा क्लब असता, ज्याचा मालक अवे मॅचला पोरांना स्लीपरने पाठवतो, तर? तो गप्प बसला असता. आणि चर्चिलच्या पोरांचं काय? त्यांनी चषक हातात घेतला, फोटो काढले, आया-बहिणींनी ते स्टेटसला लावले असतील. मग जुलैमध्ये कळलं की आपण दुसरे. हरणं वेगळं आणि हे वेगळं. हरलेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी उठून प्रॅक्टिसला जातो.

आता थोडं परदेशात जाऊ. आमच्या टीममधला एक जण चेक रिपब्लिकमध्ये ब्रनोला बसतो. स्टँडअपला तो कधीकधी झ्ब्रोयोव्का ब्रनोचा मफलर घालून येतो. हा क्लब १९७८ मध्ये चेकोस्लोव्हाकियाचा चॅम्पियन होता. २०२२ मध्ये त्यांनी दुसरी लीग जिंकली, वर गेले, २०२३ मध्ये परत खाली आले. हा बाबा दोन्ही वेळा तितकाच सुतकी दिसत होता. पण त्याला दर वर्षी मे महिन्यात एक गोष्ट नक्की माहीत असते, की आपण पुढच्या वर्षी कुठे खेळणार. त्यांच्याकडे नियम सोपा आहे. दुसऱ्या लीगमधला पहिला थेट वर, दुसरा आणि तिसरा वरच्या लीगमधल्या तळाच्या संघांशी प्लेऑफ खेळतात. २०२४-२५ मध्ये झ्लीन जिंकलं, वर गेलं. विषय संपला.

झ्लीन कुठलं माहितीये? बाटाचं गाव. शाळेत आपण जे काळे बूट घालून गेलो त्या बाटाची कंपनी तिथे १८९४ साली सुरू झाली. लोकसंख्या पाऊण लाखाच्या आसपास. गोंदिया शहराची २०११ च्या जनगणनेतच सव्वा लाखाच्या वर आहे. म्हणजे गोंदियाच्या निम्म्या-पाऊण गावाचा क्लब आपल्या पायांवर देशाच्या पहिल्या लीगमध्ये जातो. गोंदियाच्या पोराने असं स्वप्न बघायचं ठरवलं तर त्याने कोणत्या क्लबात जायचं? मला एक नाव सांगा.

नाव नाहीये. २०२४-२५ च्या त्या १२ क्लबांत महाराष्ट्राचा एकही नव्हता. मिझोरामचा होता, मेघालयाचा होता, काश्मीरचा होता, गोव्याचे तर दोन. महाराष्ट्राचा शेवटचा केंकरे, मुंबईचा, तो २०२२-२३ मध्ये खाली घसरला. त्याआधीची यादी वाचली की श्राद्धपक्ष आठवतो. महिंद्रा युनायटेड, २००५-०६ चा राष्ट्रीय विजेता, २०१० मध्ये बंद. पुणे एफसी, २०१२-१३ चा उपविजेता, २०१५ मध्ये बंद. भारत एफसी, एक मोसम, खलास. डीएसके शिवाजीयन्स, २०१७. मुंबई एफसी, तेही २०१७ मध्येच, खाली घसरल्यावर. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये गेला आणि त्याची जागा हैदराबादला मिळाली. पुण्याने दहा वर्षांत चार क्लब पुरले, आणि आपण काय केलं? बालेवाडीला कितीदा गेलो होतो आपण? मी दोनदा. त्यातल्या एकदा पास फुकट होता.

"अरे मुंबई सिटी आहे ना, दोनदा आयएसएल लीगची ट्रॉफी घेतली!" आहे की. पण मुंबई सिटी कुठून वर आला? कुठूनच नाही. २०१४ मध्ये थेट वरच जन्मला. आणि इंटर काशी? २०२३ मध्ये बोली लावून आय-लीगमध्ये आला, नामधारीही तसाच. काशीचे 'घरचे' सामने वाराणसीला नाही, शेकडो किलोमीटर दूर पश्चिम बंगालात कल्याणीला झाले. म्हणजे बघा, ज्या सामन्यावरून हे रामायण झालं त्यातले दोन्ही क्लब पायऱ्या चढून आलेलेच नव्हते. पैसे असतील तर मधल्या मजल्यावर लिफ्ट थांबते. पायऱ्या मात्र तळापासून चढायच्या, आणि वर पोचल्यावर दार उघडेल का हे कोणाला माहीत नाही. २०१९ मध्ये जो आराखडा ठरला त्यात लिहिलं होतं की २०२४-२५ पासून बढती आणि घसरण दोन्ही. प्रत्यक्षात त्या वर्षी आयएसएलमधून कोणीही खाली आलं नाही. वरच्यांना पडायची भीती नव्हती, खालच्यांना चढायची खात्री नव्हती. परीक्षेत काही पोरं कायमची पास असतील तर बाकीच्यांनी अभ्यास कशाला करायचा?

गोव्याचं उदाहरण बघा. २००७-०८ ला आय-लीग सुरू झाली आणि पहिली सहाच्या सहा विजेतेपदं गोव्यात गेली : डेम्पो तीन, चर्चिल दोन, साळगावकर एक. एवढंसं राज्य! आणि मग २०१६ मध्ये साळगावकर, स्पोर्टिंग क्लब आणि डेम्पो आय-लीग सोडून गेले, कारण त्यांची लीग दुसऱ्या दर्जाची करायचं घाटत होतं आणि वर जायचा रस्ता दाखवत नव्हते. डेम्पो आठ वर्षांनी परत आला, खालच्या लीगमधून खेळून, पायऱ्या चढून. त्या रामनवमीला गोकुलमचं स्वप्न मोडणारा तोच डेम्पो. मला त्या दिवशी चर्चिलपेक्षा डेम्पोचं जास्त कौतुक वाटलं होतं, खरं सांगायचं तर.

आणि महाराष्ट्रात फुटबॉल नाही असं कोणी म्हणू नका हं. कोल्हापूरला जा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम विरुद्ध दिलबहार असेल त्या दिवशी अर्धं गाव बंद असतं. पेठेपेठेतलं वैर आहे ते, मँचेस्टरच्या तोडीचं. तिथलाच अनिकेत जाधव २०१७ चा सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप खेळला. नागपुरात विजय बारसेंनी २००१ पासून झोपडपट्टीतल्या पोरांना घेऊन स्लम सॉकर उभं केलं, त्यावर 'झुंड' आला, आपण मल्टिप्लेक्समध्ये टाळ्या वाजवल्या आणि घरी येऊन चेल्सीची मॅच लावली.

आणि आमच्या इटियाडोहला? तिथे तिबेटी लोकांची वसाहत आहे, नोर्ग्येलिंग. आम्ही नुसतं 'कॅम्प' म्हणतो. १९७० च्या दशकापासून आहेत ते तिथे. (गोंदिया जिल्हा झाला १९९९ ला, पण त्यांची बरीच मंडळी अजून पत्ता सांगताना भंडाराच म्हणतात.) थंडीत निम्मा कॅम्प शहरांत स्वेटर विकायला जातो आणि उरलेली पोरं फुटबॉल खेळतात. आमच्या गावात क्रिकेट, कॅम्पात फुटबॉल, ही माझी लहानपणीची भूगोलाची व्याख्या. मी फुटबॉल शिकलो ते तिथे, म्हणजे शिकलो असं नाही, त्यांनी मला गोलमध्ये उभं केलं. या लोकांना देश नाही पण टीम आहे. २००१ मध्ये तिबेटची टीम कोपनहेगनला ग्रीनलंडशी खेळली, ४-१ ने हरली. फिफाची मान्यता नाही, काही नाही, तरी खेळली. निकाल मात्र त्याच संध्याकाळी लागला.

सात एप्रिलला निघायच्या आधी मी कॅम्पाच्या मैदानावर गेलो होतो. एक पोरगा होता, असेल सोळा-सतराचा, डावा पाय असा की बघतच राहावं. मी पुण्यात राहतो म्हटल्यावर त्याने मला मराठीत, माझ्यापेक्षा चांगल्या मराठीत, विचारलं, "दादा, पुण्याला ट्रायल कुठे होते?" मी काय सांगणार? विदर्भ एक्स्प्रेस पकड, एक रात्र काढून मुंबईला जा, तिथे कूपरेजला विचार? आणि निवड झालीच तर ज्या क्लबात जाशील तो पुढच्या वर्षी असेल का, हे मला विचारू नकोस? मी "बघून सांगतो" म्हणालो. आपलं आयटीवाल्यांचं आवडतं वाक्य.

आमच्याकडे धरणाचं पाणी कालव्याने खाली वडसा-आरमोरीकडे जातं. कालव्याच्या तोंडाशी ज्यांची शेतं आहेत त्यांचं बरं असतं. टेलवाल्याला कधी पोचतं, कधी नाही. टेलवाला शेतकरी सगळ्यात जास्त काय विचारतो माहितीये? किती पाणी सोडणार, हे नाही. कधी सोडणार, ते विचारतो. तारीख मागतो. तारीख कळली तर तो पऱ्हे टाकायचे की नाही ते ठरवू शकतो. क्लबांचं अगदी तेच आहे. एप्रिलमध्ये कळलं की आपण वर गेलो, तर खेळाडूंचे करार करता येतात, प्रायोजक शोधता येतात, मैदान बुक करता येतं. जुलैमध्ये कळलं तर चांगले खेळाडू दुसरीकडे सही करून बसलेले असतात. आणि २०२५ मध्ये तर कमालच. कॅसचा निकाल यायच्या एक आठवडा आधी आयएसएलच्याच आयोजकांनी कळवलं की फेडरेशनबरोबरच्या कराराचा निर्णय होत नाही तोवर पुढचा मोसम थांबवतोय. म्हणजे काशी जिना चढून वर आला तेव्हा वरचा मजलाच जागेवर नव्हता.

म्हणून त्या ग्रुपवरच्या क्लिपवर मला हसायला येत नाही. त्या खड्डेवाल्या मैदानावर जे बावीस जण पळत होते त्यांनी आपलं काम केलं होतं. बावीस सामने, पाच महिने, लुधियाना ते ऐझॉल प्रवास. ज्यांना फक्त मोजायचं होतं, त्यांना मोजता आलं नाही. हसायचं तर त्यांच्यावर हसा. आणि थोडं आपल्यावर, कारण आपण रविवारी रात्री दीड वाजेपर्यंत जागून इंग्लंडमधल्या सतराव्या-अठराव्या क्रमांकाची चिंता करतो आणि आपल्या राज्याचा क्लब खाली गेला ते आपल्याला विकिपीडियावरून कळतं.

१८ जुलैला रात्री मामाला फोन केला. पाऊस होता, रोवणी चालू होती, मागे रेडिओचा आवाज. म्हटलं, "मामा, लागला बघ निकाल. काशी जिंकली."

"कोनती काशी?"

"बनारसची रे. पण खेळते बंगालात."

"अन् कप कोनाकडे हाये?"

मी म्हटलं, "तो गोव्याला दिला होता."

मामा जरा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "बरं, तू रोवणीले येतेस का नाही ते सांग. मानसं भेटून नाही राह्यले."